लाचोनं आखलेलं पहिलं वर्ष

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या अंगणात मिरच्या भाजणं चाललं होतं. आई आणि शेजारची त्सोना काकू भाजलेल्या लाल मिरच्या सोलत होत्या, त्यांचे हात कोपरापर्यंत रंगले होते. बाबा द्राक्षाच्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसले होते, कारण डॉक्टरांनी त्यांना चुलाण्याच्या धुरात जायला बंदी केली होती. आणि मांडवाखालच्या टेबलावर माझा भाऊ एक भलामोठा चौकटीचा कागद पसरून माझं पुढचं वर्ष आखत होता.

भावाचं नाव लाचेझार, पण सगळ्यांचा तो लाचो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला 'बाते' म्हणायची. थोरल्या भावाला नुसत्या नावानं हाक मारली तर आमच्या लोम गावात अजूनही आया डोळे वटारतात. तो सोफियाला बांधकामाच्या इंजिनिअरिंगला होता, पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पुढच्या जूनमध्ये डिप्लोमा. मला त्याच विद्यापीठात, जलबांधकामाला जागा मिळाली होती. पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत लागलं, आणि त्या दिवशी बाबा बंदरावर जाऊन सगळ्यांना सांगून आले. बाबांनी एकतीस वर्षं डॅन्यूबच्या बंदरावर क्रेन चालवली होती. हृदय दुखायला लागलं तेव्हा त्यांना खाली उतरवलं. पण रोज सकाळी ते अजून तिकडे चक्कर मारायचे, आणि तिथले लोक त्यांना विचारायचे, "काय पर्वान, इंजिनिअर काय म्हणतो?"

"गणिताच्या तासाला पहिल्या रांगेत बसायचं नाही," लाचो सांगत होता. "तिसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेतल्यांना फळ्यापाशी बोलावतात."

"मग शेवटच्या रांगेत बसते की."

"शेवटच्या रांगेतून दार जवळ असतं, नेवेना. दार जवळ असू नये."

तो हे गमतीनं बोलत नव्हता. त्यानं पंधरा आठवड्यांचे पंधरा उभे रकाने पाडले होते, सहा विषयांच्या आडव्या ओळी. रसायनशास्त्राचे प्रयोग ऑक्टोबरातच उरकायचे, कारण डिसेंबरात प्रयोगशाळेत गर्दी होते. चित्रभूमितीच्या आकृत्या दर आठवड्याला एक, साठवायच्या नाहीत. सत्र संपताना प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची पुस्तिकेत सही लागते. एक सही राहिली तरी परीक्षेला बसता येत नाही, म्हणून हजेरीच्या वर्गाला ताप असला तरी जायचं. जानेवारीत सोपा पेपर आधी, मग अवघड, मग मधला.

"आणि हे लाल काय?" मी विचारलं. नोव्हेंबरचे दोन रकाने त्यानं लाल पेन्सिलीनं भरले होते.

"इथे माणूस घसरतो. ऑक्टोबरात सगळं शाळेतलंच वाटतं. नोव्हेंबरात एक तास चुकतो. पुढच्या तासाला काही कळत नाही, म्हणून त्याच्या पुढच्या तासाला जायची लाज वाटते. मग जातच नाही."

"तू चुकवलेस का रे कधी?" बाबांनी विचारलं.

"मी? मी चुकवणारे पाहिलेत."

"बघा!" बाबा आईकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात शिकलेला माणूस. नुसता स्वतः शिकला नाही, दुसऱ्याला वाट दाखवतोय."

"वाट दाखवून झाली असेल तर बरण्यांची झाकणं लावायला या म्हणावं शिकलेल्या माणसाला," आई म्हणाली.

तो कागद बाबांनी दुसऱ्या दिवशी दुकानातून नक्कल करून आणला आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावला. मूळ प्रत मी घेऊन गेले.

सोफियात पहिले काही दिवस लाचो माझ्यासोबतच होता. स्टेशनवर आला, बरण्यांची पिशवी उचलली, हॉस्टेलची गादी उलटीपालटी करून पाहिली, जुनी ड्रॉइंगची पाटी कुणाकडून तरी आणून दिली. तो स्वतः हॉस्टेलमध्ये राहत नसे. पहिल्या वर्षानंतर त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली होती, हॉस्टेलमध्ये गोंगाट असतो म्हणून. तासांच्या दिवशी तो मला विद्यापीठाच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि तिथूनच वळायचा. डिप्लोमाचं काम लायब्ररीत आहे, म्हणायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठा भाऊ, त्याला कशाला हवं बहिणीचं शेपूट, असं वाटायचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं की सख्खा भाऊ किंवा बहीण त्याच विद्यापीठात असेल तर हॉस्टेलच्या यादीत गुण जास्त मिळतात आणि दोघींची खोली मिळते. आम्ही तेव्हा चौघी होतो. फक्त भावाचा दाखला हवा. मी लाचोला सांगितलं. "आणतो," म्हणाला. पुढच्या आठवड्यात परत सांगितलं. "अगं हो, विसरलो." मुदत शुक्रवारी संपणार होती, म्हणून गुरुवारी मीच विद्यार्थी विभागाच्या खिडकीशी गेले.

तिथे गेनोवेवा बाई बसायच्या. चष्मा साखळीला अडकवलेला, तोंडानं तिखट, पण गावाकडच्या मुलांची कामं आधी करायच्या. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव, जन्मसाल. त्यांनी संगणकात पाहिलं. मग उठून मागच्या कपाटातून एक फाइल काढली.

"लाचेझार पर्वानोव, लोमचा?"

"हो. पाचव्या वर्षाला."

त्यांनी फाइल उघडली. "बाळ, असा विद्यार्थी आपल्याकडे नाही. होता. चार वर्षांपूर्वी. दोन परीक्षा दिल्या, दुसऱ्या सत्राच्या सह्या नाहीत. नाव काढून टाकलंय."

"दुसरा कोणी असेल."

त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. आत फोटो होता. शाळेच्या निरोप समारंभाच्या सूटमधला लाचो, कान पुढे आलेले.

मी दुपारचा तास बुडवला. पहिलाच. लाचो कुठे असेल ते मला माहीत नव्हतं, हे मला ट्राममध्ये बसल्यावर लक्षात आलं. फोन करून म्हटलं, "आत्ता भेट. मी विद्यार्थी विभागातून येतेय." त्यानं एक पत्ता सांगितला.

तो पत्ता एका शेडचा होता, तिथे खिडक्यांच्या चौकटी जोडायचं काम चालायचं. लाचो बाहेर फळ्यांच्या ढिगावर बसला होता. अंगावर निळी पँट, केसांत प्लास्टिकचा भुसा.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"इथे तीन. त्याआधी एक गोदाम होतं."

"आणि आम्हाला... गेल्या वर्षी तू चौथ्या वर्षाचे गुण सांगितलेस! पाच, सहा, सहा! बाबांनी केक आणला होता!"

"ओरडू नकोस. आत माणसं आहेत."

"ओरडणार! तू मला शिकवतोस? सोपा पेपर आधी, अवघड नंतर? तुला काय माहीत रे?"

"तेवढंच माहीत आहे मला," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात त्याचे दोन तास चुकले होते. फार काही कारण नव्हतं. सर्दी झाली होती आणि एका प्रश्नाला सगळ्या वर्गासमोर उत्तर आलं नव्हतं. जानेवारीत गणितात दोन आले. सहापैकी दोन, म्हणजे नापास. घरी फोन केला तेव्हा बाबांनीच उचलला आणि तो काही बोलायच्या आत विचारलं, "पास ना?" तो म्हणाला, "पास." बस, एवढंच. उन्हाळ्यात देऊन टाकू आणि मग खरंच होईल, असं त्याला वाटलं होतं. पण रविवारी बाबांनी बंदरावरच्या लोकांना घरी बोलावून राकिया पाजली.

"पुढचं सगळं सत्र मी रोज सकाळी उठून लायब्ररीत जायचो. वर्गात नाही, लायब्ररीत. नाव काढून टाकल्यावरसुद्धा जायचो. आणि दर सप्टेंबरला नवा तक्ता करायचो, की यंदा परत प्रवेश घ्यायचा आणि असं असं करायचं. तीन केले. तुला दिला तो चौथा. चांगला आहे तो, नेवेना. त्यात चूक नाही."

मी रडत होते आणि त्याला मारावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. शेवटी मी म्हटलं, "बाबांना सांग. नाहीतर मी सांगते."

"नाताळला सांगतो. समोर बसून. फोनवर नको, त्यांचं हृदय..."

"नाताळपर्यंत. आणि जुलैत परत प्रवेश परीक्षा दे. मी शिकवते तुला."

तो हसला. "तू मला?"

पण झालं उलटंच. दर शनिवारी तो हॉस्टेलच्या वाचनखोलीत यायचा, आम्ही दोघं वह्या उघडून बसायचो आणि अर्ध्या तासात तोच मला शिकवायला लागायचा. त्याला सगळं येत होतं. चार वर्षं लायब्ररीत बसून त्यानं पहिल्या वर्षाचा अभ्यास इतका केला होता की पुस्तकातली उदाहरणं तो पानासकट सांगायचा. माझ्या लाल आठवड्यांत मी घसरले नाही ती त्याच्यामुळे. पलीकडच्या टेबलावरच्या मुली त्याला प्रश्न विचारायला यायच्या. एकीनं विचारलं, "तू असिस्टंट आहेस का?" त्याचे कान लाल झाले. ते शनिवार चांगले होते. मला वाटायला लागलं होतं की हे सगळं निस्तरेल.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरी टेबलावर अकरा पदार्थ होते, सगळे बिनमांसाचे, आणि मध्ये नाणं घातलेला पाव. बाबांनी उभं राहून तो मोडला. एक तुकडा देवाचा, एक घराचा, मग आम्हा चौघांचे. नाणं त्यांच्याच तुकड्यात निघालं. त्यांनी ते पुसलं आणि लाचोच्या ताटात ठेवलं.

"मला आता नशीब घेऊन काय करायचंय? तुला जूनमध्ये लागेल."

मी टेबलाखालून लाचोच्या पायावर पाय दिला. त्यानं तोंड उघडलं. "बाबा, मला..."

"सूट उसवून ठेवलाय मी," आई मध्येच म्हणाली. "बारीक झालेत हे. डिप्लोम्याच्या दिवशी पोत्यात घातल्यासारखे दिसायला नकोत."

"काय म्हणत होतास?" बाबांनी विचारलं.

"मीठ द्या जरा," लाचो म्हणाला.

परत येताना बसमध्ये मी त्याच्याशी बोलले नाही. चार तासांनी सोफिया आलं तेव्हा तो म्हणाला, "जुलैत प्रवेशाचा कागद हातात घेऊनच जातो त्यांच्याकडे. नुसतं वाईट सांगायला नको. वाईट आणि चांगलं बरोबर सांगीन." मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तेवीस जानेवारीला माझा चित्रभूमितीचा पेपर होता. अडीच तासांनी मी बाहेर आले, बोटं शाईनं बरबटलेली, आणि व्हरांड्यातल्या बाकावर बाबा बसलेले दिसले. काळा सूट, टोपी मांडीवर, पायाशी वेतात गुंफलेला राकियाचा बुधला. मला आधी आनंदच झाला. मग आठवलं की ते कुठे बसले आहेत.

"पेपर कसा गेला?" त्यांनी विचारलं.

"बरा. बाबा, तुम्ही इथे कसे?"

"हृदयाच्या डॉक्टरांची तारीख होती. तू फोनवर पेपरची तारीख सांगितलीस, ती मी तक्त्यात भरली होती. दोन्ही एकाच दिवशी आलं. म्हटलं, लेकीला पेपरनंतर भेटू आणि लाचोच्या गुरुजींना एवढं देऊ." त्यांनी पायानं बुधला जरा हलवला. "त्या खिडकीतल्या बाईंना विचारलं, माझा मुलगा कोणत्या प्राध्यापकांकडे डिप्लोमा करतो म्हणून."

मी ड्रॉइंगची पाटी खाली ठेवली.

"त्या काही बोलल्या नाहीत. भली बाई. कागद चाळत राहिल्या, चाळत राहिल्या, आणि मग मला विचारलं, पाणी देऊ का?" बाबांनी टोपी फिरवली. "तेव्हा कळलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. समोरून मुलं जात होती, कोणी पास झालेलं मोठ्यानं हसत होतं.

"तुला माहीत होतं?"

"नोव्हेंबरपासून."

"बरं," ते म्हणाले. "किती दिवस तो इथे येत नाही?"

"चार वर्षं."

"चार वर्षं," ते म्हणाले. "आणि मी दर रविवारी विचारत होतो. काय अवस्था झाली असेल त्याची."

मी त्यांना म्हटलं की चला, तो दुपारी सुटतो, आपण जाऊ त्याच्याकडे. त्यांनी माझा हात धरला. क्रेनवरच्या माणसाचा हात, पण त्यात आता जोर नव्हता.

"नको. मी आलो होतो हे त्याला सांगू नकोस. मी जाऊन पकडलं तर तो आयुष्यभर पकडलेला राहील. त्याला स्वतःच्या तोंडानं सांगू दे. मी थांबतो."

"आणि आई?"

"तिलाही नको. ती तासाभरात त्याला फोन करील."

दोनच्या बसपर्यंत बुधला मीच वाहून नेला. त्या पेपरात मला पाच मिळाले.

आता विचाराल की मी गप्प का बसले. मी एकोणीस वर्षांची होते आणि बाबांना शब्द दिला होता. दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि मी मध्ये होते. मी लाचोला एवढंच म्हणत राहिले, "सांग रे, आजच सांग." तो म्हणायचा, "जुलै."

रविवारी दुपारी तो माझ्या खोलीतूनच घरी फोन करायचा. फोनमधला बाबांचा आवाज मला ऐकू यायचा.

"पूल कुठवर आला रे?" ते विचारायचे. डिप्लोम्यासाठी लाचो एका पुलाचा आराखडा करतो आहे, असं त्यानं सांगितलेलं होतं.

"तीन कमानी झाल्या, बाबा. चौथीचं गणित चाललंय."

"काही अडतंय का?"

"नाही, नाही."

"अडलं तर सांग. मला त्यातलं कळत नाही, पण ऐकून घेईन. आणि समजा आकृती चुकली, तर खोडायची. पहिल्यापासून काढायची. कोणी रागावत नाही."

"नाही चुकली, बाबा."

"बरं. पुढच्या रविवारी सांग मग."

लाचो फोन ठेवून म्हणायचा, "बघ, किती जीव आहे त्यांचा त्या पुलात. कसं सांगू?" आणि मी वहीत तोंड घालायची. असे अकरा रविवार गेले.

एप्रिलच्या बारा तारखेला दुपारी बाबा अंगणात टोमॅटोची रोपं लावत होते. दोन ओळी लावून झाल्या होत्या. आई पाण्याचा झारा घेऊन आली तेव्हा ते वाफ्याच्या कडेला बसल्यासारखे कलंडले होते. आईला वाटलं, दमलेत.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून फाटकावर, झाडांवर, बंदराच्या भिंतीवर लावतात. आई लाचोला म्हणाली, "खाली लिही, शोकाकुल पत्नी त्सेत्स्का, मुलगा इंजिनिअर लाचेझार, मुलगी नेवेना." तो छापखान्यातून कागद घेऊन आला तेव्हा त्यावर नुसतं 'मुलगा लाचेझार' होतं.

"दोन महिने राहिलेत तर लिहायला काय झालं होतं?" आई चिडली. "त्यांची तेवढी एकच हौस होती."

"अजून झालेलो नाही, आई," लाचो म्हणाला. त्यानं घरात सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती, आणि आईनं ती ऐकून सोडून दिली.

चाळिसाव्या दिवशी आम्ही दफनभूमीत उकडलेला गहू वाटला, मातीवर वाइन ओतली. लोक गेले. आई त्सोना काकूंबरोबर पुढे निघाली. आम्ही दोघं मागे राहिलो. लाचो खाली बसून मेणबत्तीभोवती माती दाबत होता.

"एक बरं झालं," तो म्हणाला. "त्यांना न कळता गेले. तेवढ्यावर मी जगतोय बघ."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं की बोलायला हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. मला वाटलं, याला कळलं पाहिजे की ते रागावले नव्हते. कळलं की हा मोकळा होईल. मी त्याला सगळं सांगितलं. बाक, टोपी, बुधला, गेनोवेवा बाईंचं पाणी, "मी थांबतो."

त्यानं मान वर केली नाही. "कोणत्या तारखेला?"

"तेवीस जानेवारी."

तो बोटं मोजायला लागला. मला आधी कळेना तो काय मोजतोय. मग कळलं, रविवार मोजत होता. अकरापर्यंत आला आणि थांबला.

"खोडायची म्हणाले होते," तो म्हणाला. "पहिल्यापासून काढायची. मला म्हणाले होते, नेवेना. आणि मी म्हटलं, नाही चुकली."

मग तो ज्या आवाजात रडला तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. पुढे गेलेली आई फाटकापाशी थांबली. तिला वाटलं, पोरगा बापासाठी रडतोय. ते खोटं नव्हतंच.

त्याच संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं. आई भांडी पुसत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, कापड खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुला नोव्हेंबरपासून माहीत. त्यांना जानेवारीपासून. माझ्या शेजारी झोपत होते ते, आणि मी सूट उसवत होते." ती खुर्चीवर बसली. "या घरात मीच तेवढी परकी होते का रे?"

ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लाचोसमोर चीज भरलेल्या बानित्साची ताटली ठेवून म्हणाली, "खा. तोंड बघ काय झालंय." पण माझ्यावरचा तिचा राग जास्त दिवस राहिला. कधी कधी मला वाटतं, तो अजून पुरता गेलेला नाही.

जूनमध्ये मी यांत्रिकीत पास झाले आणि दुसऱ्या सत्राच्या गणितात नापास. समोर प्रश्नपत्रिका होती आणि मला तीन कमानी झाल्या, तीन कमानी झाल्या एवढंच ऐकू येत होतं. जुलैत लाचो प्रवेश परीक्षेला गेला नाही. मी त्याचा फॉर्म स्वतः भरून आणला होता, सहीपुरता. भांडले, विनवण्या केल्या.

"कोणासाठी?" तो म्हणाला.

"स्वतःसाठी, बाते. तुला येतं ते सगळं!"

"येतं. पण ती इमारत दिसली की मला तो बाक दिसणार. कसा बसू मी तिथे?"

मग मी आग्रह सोडला. ऑगस्टभर मात्र त्यानं मला गणित शिकवलं. रोज दोन तास, रागवून, टाळ्या वाजवून, पहिल्यासारखं. सप्टेंबरच्या फेरपरीक्षेत मला चार मिळाले आणि माझं पहिलं वर्ष पूर्ण झालं.

ऑक्टोबरात मी परत निघाले तेव्हा बसस्टँडवर तोच आला होता. त्यानं व्हिएन्नाजवळ काम शोधलं होतं, पुढच्या आठवड्यात जाणार होता. पिशव्या टपावर चढवून झाल्यावर तो खिडकीखाली उभा राहिला.

"दुसऱ्या वर्षाचं मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "तुझं तूच बघ आता."

त्या वर्षी मला दोघींची खोली मिळाली, माझ्या गुणांवर. माझ्यासोबत रोडोपीच्या डोंगरातली एक नवी मुलगी आली होती, आल्ब्येना नावाची, पहिल्याच वर्षाची, डोळ्यांत भीती मावत नव्हती. पहिल्या दिवशी आम्ही कपाट वाटून घेत होतो.

"तुला कोणी भावंडं?" तिनं विचारलं.

"एक भाऊ आहे, मोठा."

"काय करतो?"

"खिडक्या बसवतो," मी म्हटलं. "ऑस्ट्रियात."

"चांगलं आहे की," ती म्हणाली, आणि तिनं मला विचारलं की वरचा कप्पा मला हवा आहे का. मी म्हटलं, तू घे. आणि मग मी पलंगावर बसून राहिले, कारण चार वर्षं आमच्या घरात जे सांगता आलं नव्हतं ते एवढंच होतं.